लव्हर्नताईविरुद्ध मी, आणि निकाल माझ्या बाजूने

पाइन बे, विस्कॉन्सिन
मे महिन्याचा दुसरा मंगळवार

प्रिय डेलमारदादास,

धाकट्या नॉर्बचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो सुधारेल असं डॉक्टर म्हणाले होते, पण तुझ्या मागच्या पत्रावरून गुडघा सोडून बाकी सगळं सुधारलेलं दिसतं. वहिनींनी निवडुंगांची बाग लावली हे वाचून आनंद झाला (पाणी घालायला विसरणाऱ्या माणसाने दुसरं लावावं तरी काय). इकडे तळ्यावरचा बर्फ गेला, डचेस कुत्री म्हातारी झाली तरी जिना चढते, आणि मी खटला जिंकलो.

कुणावर, म्हणून विचारशील. लव्हर्नताईवर. आपल्या सख्ख्या बहिणीवर. तू लगेच फोन उचलू नकोस, आधी शेवटपर्यंत वाच.

ताईच्या खाणावळीत मी सव्वीस वर्षं मासे तळतोय आणि ती मला दर शुक्रवारी नोकरीवरून काढते, हे तुला ठाऊकच आहे. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हॉल गच्च भरतो, बाहेर रांग लागते, तेव्हा ती स्वयंपाकघरात येते, मला गाढव म्हणते आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणून बजावते. मी बरं म्हणतो आणि शनिवारी तीन वाजता हजर होतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट पावणेआठपर्यंत तिचा आवाज आला नाही, तर बारवर बसलेली मंडळी तिची तब्येत विचारतात.

यंदा लेंटच्या उपवासांतल्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे मांस वर्ज्य असल्याने माशांसाठी वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते त्या दिवशी, मी माशांच्या पिठात पप्रिका ही सौम्य लाल मिरचीपूड घातली. बाबांच्या वेळेपासून त्यात मैदा, बिअर आणि मीठ याखेरीज काही पडलेलं नाही, हे मला कबूल आहे. पण सव्वीस वर्षांत माणसाला एकदा तरी काहीतरी सुचणारच. ताईने एक तुकडा चाखला. ओरडली नाही. चष्मा काढून पुसला आणि हळू आवाजात म्हणाली, "नॉर्ब, प्लीज, उद्यापासून येऊ नकोस." मी एप्रन घडी करून खुंटीवर ठेवला आणि मागच्या घरात वर निघून आलो (ती खाली राहते, मी वर, हे अजून तसंच आहे). शनिवारी गेलो नाही. तिने म्हणे चारपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः तळायला उभी राहून पहिली खेप जाळली.

सोमवारी मी राज्याच्या बेकारी विम्यासाठी अर्ज केला. हा विमा मालक भरतो, नोकराच्या पगारातून एक पैसा कापत नाहीत. ताई सव्वीस वर्षं कुरकुरत तो भरतेय, तेव्हा घरातल्याच कुणाला त्याचा उपयोग झाला तर वाईट काय, असा माझा विचार. अर्जात विचारलं होतं, नोकरी सोडलीत की काढलं? मी 'काढलं'वर खूण केली. तोच प्रश्न खात्याने ताईलाही विचारला. तिने 'सोडली'वर खूण केली आणि खाली लिहिलं की याला मी दर शुक्रवारी काढते, हा दर शनिवारी येतो, या वेळी आला नाही, म्हणजे यानेच सोडली. खरं सांगतो दादा, ते वाचून क्षणभर मलाही पटलं. खात्याला तर पूर्णच पटलं. आपणहून सोडणाऱ्याला विमा मिळत नाही, सबब अर्ज नामंजूर. चौदा दिवसांत अपील करता येतं. मी दुसऱ्याच दिवशी केलं.

निकाल लागेपर्यंत दर आठवड्याला चार ठिकाणी काम शोधल्याचं कळवावं लागतं. मी बोलिंगच्या हॉलात बूट भाड्याने देणाऱ्याच्या जागेसाठी अर्ज केला, शाळेच्या बससाठी केला, अंत्यविधीवाल्यांकडेही केला. त्यांनी मला काळा सूट घालून बोलावलं, पण पाच मिनिटांत खिडकी उघडली. माशांचा वास त्या सुटातून काही जात नाही.

सुनावणी फोनवर झाली. न्यायाधीश बाईंचा आवाज फार शांत होता. त्या मॅडिसनहून बोलत होत्या, ताई खालच्या स्वयंपाकघरातून आणि मी वरच्या. आम्ही शपथ घेत असतानाच डचेस भुंकली, ती दोन्ही फोनवर एकदम. बाईंनी विचारलं, दोघांकडे कुत्री आहेत का? मी म्हणालो, एकच आहे, जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली आहे. (दोन महिने ती तिथेच बसत होती. वर येईना, खाली जाईना.) मग बाईंनी ताईला विचारलं, पप्रिका घातल्यावर एक तरी ताट परत आलं का? ताई भांडकुदळ आहे, पण खोटं बोलत नाही. ताटं परत आली, म्हणाली, पण रिकामी.

आणि मग खरा प्रश्न आला. "मिस्टर रॅडके, तुमच्या बहिणीने तुम्हाला हजारावर वेळा काढलंय. ही वेळ खरी, हे कशावरून ओळखलंत?"

मी चार पानांचं उत्तर लिहून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर वाचवेना.

"ती प्लीज म्हणाली, मॅडम."

बाईंनी ताईला विचारलं, याआधी तुम्ही यांना कधी प्लीज म्हणाला होतात?

"नाही," ताई म्हणाली. "भाऊ आहे तो माझा."

गेल्या गुरुवारी निकाल आला. मालकिणीने काढलं, पिठात मसाला घालणं हे गैरवर्तन नव्हे, विमा मंजूर. मी तो मुद्दाम टपालपेटीपाशी उभं राहून, ताईच्या खिडकीकडे तोंड करून, मोठ्याने वाचला. नंतर डचेसलाही वाचून दाखवला. दादा, आयुष्यात तिच्यापुढे माझं काही चाललं असेल तर ते एवढंच, आणि त्यावर सरकारी शिक्का आहे.

वहिनींना नमस्कार, गुडघ्याला जप.

तुझा विजयी भाऊ,
नॉर्बर्ट

ता. क. एक नियम सांगायचा राहिला. आपल्याला जमण्याजोगं काम कुणी देऊ केलं आणि आपण नाकारलं, तर विमा बंद होऊ शकतो. राज्याच्या नोकरी केंद्रात मालकांच्या जाहिराती फुकट लावतात. तिथल्या बाईंनी काल मला एक दाखवली : मासे तळणारा हवा, पाइन बे, अनुभव सव्वीस वर्षं, पप्रिका चालेल.

ता. क. २. आज सकाळी दाराखालून चिठ्ठीही आली. "शुक्रवारी तीनला ये. उशीर केलास तर तंगडं मोडीन." मी ती उलटसुलट करून पाहिली. प्लीज कुठेही नाही. तेव्हा मी जातोय.

ता. क. ३. पत्र खरं तर याचसाठी लिहिलं. दहा आठवडे ताई माझ्याशी बोललेली नाही, आणि वर एकट्याने जेवताना घास उतरत नाही. शुक्रवारी आमचे पावणेआठ म्हणजे तुमचे पावणेसहा. त्या वेळी खाणावळीत फोन कर आणि तिने मला काढलं का, एवढंच विचार. काढलं नसेल तर तिला तिथूनच काहीतरी बोलून चिडव, तुला ते छान जमतं. मला शनिवारी कामावर जायचंय.