चौसष्ट चिठ्ठ्या आणि एक जास्तीचा बोल्ट

तीर्थरूप मामांना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (पायांवर म्हणजे पावलांवर. गुडघ्याला धक्का लागणार नाही याची काळजी घेतली आहे.) तुमचा गुडघा, मामींची पाठ आणि ताईकडची सगळी मंडळी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे आई बरी आहे, मी बरा आहे आणि तुमची गाडीही बरी आहे. गाडीचं नाव शेवटी आलं म्हणून छातीत धस्स होऊ देऊ नका. ती खरोखर बरी आहे. आज सकाळी पहिल्या चावीला सुरू झाली. हे वाक्य मुद्दाम वर लिहिलंय, कारण पुढचा मजकूर वाचताना मधेमधे तुम्हाला इथे परत येऊन ते वाचावंसं वाटेल.

पाकिटात हाताला टणक लागतोय तो बोल्ट आहे. फेकू नका. नीट उजेडात धरून बघा आणि हा कुठला असेल ते आठवा. मला दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही.

फोन केला नाही, कारण ताईकडे फोन नेहमी मामी उचलतात आणि हा मजकूर आधी तुमच्यापर्यंत पोचावा असं मला वाटतं. पार्सलचा टेम्पोवाला हे पत्र तुमच्या हातात देईल. शुक्रवारी परत निघताना तो पुन्हा येईल, तेव्हा त्याच्याकडे तुमच्या सहीची एक चिठ्ठी द्यायची आहे. शनिवारी सकाळी ती चिठ्ठी उस्तादांच्या टेबलावर नसली तर माझं गॅरेजमधलं काम सुटलं. (उस्ताद म्हणजे आमचे गॅरेजमालक. तुम्हीच त्यांच्याकडे शब्द टाकलात म्हणून मी इथे आहे, हे मी विसरलेलो नाही. त्यामुळेच जास्त घाम फुटलाय.) चिठ्ठी कसली ते सांगतो, पण क्रमाने सांगतो. क्रम चुकला की काय होतं ते मी या आठवड्यात स्वतःच्या डोळ्यांनी, खरं तर एकाच डोळ्याने, पाहिलंय.

जाताना तुम्ही माझ्या हातात चावी दिलीत आणि म्हणालात, "आठवड्यातून एकदा सुरू कर, एक चक्कर मार, लक्ष ठेव. बाकी हात लावायचा नाही. बारा वर्षांत या इंजिनाला कंपनीखेरीज कुणाचा हात लागलेला नाही." हे शेवटचं वाक्य आपल्या घरात कुणाला पाठ नाही? ताईच्या लग्नाला जाताना गाडी चढावर बंद पडली, तेव्हाही भर रस्त्यात तुम्ही तेच सांगितलं होतं आणि दोष मामींच्या तीन बॅगांना दिला होता. तेव्हापासून मामी कुठेही जायचं तर एकाच बॅगेत भागवतात. (या वेळीही एकच होती. स्टँडवर सोडायला आलो तेव्हा मीच डिकीत ठेवली. चेन अर्धी उघडीच राहत होती.)

पहिले दोन आठवडे सगळं छान चाललं. तिसऱ्या आठवड्यात चक्कर मारायला निघालो आणि आवाज आला. टिक. मग टिक-टिक. गाडी जागच्या जागी सुरू असली की बारीक आणि जलद, खड्ड्यात गेली की एकदाच पण मोठ्याने. इंजिन बंद केलं की आवाज बंद. बॉनेट उघडून दोन हात लांब उभा राहिलो तर काहीच नाही. परत सीटवर बसलो की टिक-टिक. यावरून मी असा निष्कर्ष काढला की आवाज वजन पडल्यावरच येतो. मामा, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तुम्ही विश्वासाने गाडी सोपवलीत आणि ती माझ्या हातात आजारी पडली, असं सारखं मनात येई. शेवटी ठरवलं की हा टॅपेटचा आवाज आहे (इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली असतात ते, शब्द उस्तादांच्या पुस्तकातून बघून लिहिलाय) आणि तुम्ही यायच्या आत आपण तो काढून टाकायचा. उस्ताद नेमके दोन दिवस सुटे भाग आणायला बाहेरगावी गेले होते. मी गाडी गॅरेजमध्ये घेतली आणि खोलली.

आता चिठ्ठ्यांबद्दल. ही सवय तुमचीच. लहानपणी आपण पंखा खोलला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "काढलेली प्रत्येक वस्तू लिहून ठेव. डोक्यावर भरवसा ठेवू नकोस, डोकं तेलकट असतं." मी आजवर तसंच करत आलो. चिठ्ठ्या तेलात भिजू नयेत म्हणून अलीकडे एक पत्र्याची डबीही घेतली आहे. तिच्यात कोऱ्या चिठ्ठ्या, टाचण्या आणि पेन्सिलीचा तुकडा असतो आणि ती कायम शर्टाच्या खिशात असते. तर तुमच्या गाडीच्या मी एकूण चौसष्ट चिठ्ठ्या केल्या. प्लगच्या चार वायरींना चार. प्रत्येक पाइपला एक. कार्बोरेटरच्या खाली एक रिकामं भोक दिसलं, त्याचीसुद्धा केली: 'चिठ्ठी ३१. इथे बोल्ट नव्हता. कंपनीने असंच ठेवलं असावं.' कंपनीखेरीज कुणाचा हातच लागलेला नाही म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार?

टॅपेट तपासले तर ते व्यवस्थित होते. म्हणून कार्बोरेटर काढायला घेतला, आणि पाइप ओढताना त्यातलं पेट्रोल थेट माझ्या उजव्या डोळ्यात. डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली आणि सांगितलं की दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत तेल-पेट्रोलाजवळ फिरकायचं नाही. मी एका डोळ्याने परत आलो तर आमचा वादळ बाह्या सरसावून उभा. (माझ्याबरोबर काम करतो. खरं नाव गॅरेजात कुणालाच आठवत नाही. चहा कपात पडायच्या आत पितो, म्हणून वादळ.) म्हणाला, "तू बस रे कोपऱ्यात राजासारखा. चिठ्ठ्या आहेत ना? तासाभरात जोडतो."

आणि जोडली, मामा! जे खोलायला मला अख्खा दिवस लागला ते त्याने दीड तासात जोडलं. मी स्टुलावर बसून एकेक चिठ्ठी कमी होताना बघत होतो. तो मोठ्याने वाचायचा, लावायचा, चिठ्ठी खिळ्याला टोचायचा. "काय अक्षर आहे लेका, छापल्यासारखं," असंही एकदा म्हणाला. मला अगदी भरून आलं. शेवटची चिठ्ठी खिळ्याला लागली आणि आम्ही दोघांनी ट्रेमध्ये पाहिलं. ट्रेमध्ये एक बोल्ट होता.

चिठ्ठ्या चौसष्ट, सगळ्या खिळ्यावर. मी चार वेळा मोजल्या. वादळ म्हणाला, घाबरू नकोस, मी जोडलेल्या प्रत्येक गाडीतून एखादा तरी उरतोच आणि गाड्या उलट हलक्या होऊन पळतात. एवढं बोलून त्याने चावी फिरवली. खर्र खर्र खर्र, आणि फाट्! कार्बोरेटरमधून जाळच आला. दुसऱ्यांदा फिरवली, पुन्हा फाट्. तिसऱ्यांदा असा धडाका झाला की शेजारच्या सलूनमधलं गिऱ्हाईक गळ्यात टॉवेल आणि अर्ध्या गालावर फेस अशा अवस्थेत धावत बाहेर आलं. मागून वस्तरा घेऊन न्हावी. गिऱ्हाईक काही परत आत जाईना. उरलेली दाढी तशीच ठेवून तो गृहस्थ मला बॅटरीबद्दल सल्ला देत राहिला. आणि त्याच क्षणी दारात रिक्षा थांबली आणि उस्ताद उतरले. एक दिवस आधी!

त्यांनी सुट्या भागांची पिशवी खाली ठेवली. वाकून इंजिन पाहिलं, मग खिळ्यावरची एक चिठ्ठी उपटली आणि वाचली. "'डावीकडून पहिली वायर.' डावी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"तू कुठे उभा होतास?"

"बॉनेटपुढे. गाडीकडे तोंड करून."

मामा, त्या वेळी मला जे कळलं ते मी जन्मात विसरणार नाही. आमच्या धंद्यात गाडीचा डावा म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर बसलेल्या माणसाचा डावा. पुढे उभं राहून पाहिलं की सगळं उलट. वादळाने रीतसर सीटवरून मोजून चारही वायरी बरोबर उलट्या क्रमाने बसवल्या होत्या. चूक त्याची नव्हतीच. इतक्या सुवाच्य अक्षरात, एकही काना-मात्रा न चुकवता, मी चौसष्ट वेळा चुकीच्या बाजूला उभा होतो. (बाकीचं दोन्हीकडे सारखंच होतं म्हणून निभावलं.) उस्तादांनी चार वायरी अर्ध्या मिनिटात फिरवल्या, चावी मारली आणि गाडी सुरू! अर्ध्या दाढीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मी एका डोळ्याने रडलो.

आता खरी गंमत. उस्ताद म्हणाले, चक्कर मारून ये. मी सीटवर बसलो. टिक-टिक! मी उतरलो, उस्ताद बसले. काही नाही. ते उतरले, मी बसलो. टिक-टिक! वादळ बसला. काही नाही. पुन्हा मी. टिक-टिक! उस्तादांनी मला इंजिन सुरू ठेवून हलू नकोस म्हणून सांगितलं, खिडकीतून आत वाकले आणि सावकाश माझ्या छातीला कान लावला. मग दोन बोटांनी माझ्या खिशातली पत्र्याची डबी बाहेर काढली. आवाज बंद.

टाचण्या, मामा. डबी घेतली तिसऱ्या आठवड्यात, आवाज आला तिसऱ्या आठवड्यात.

वादळ हसून हसून खाली बसला, पण उस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गाडी मामांची ना? खोलायला त्यांनी सांगितलं होतं?" मी मान आडवी हलवली. ते म्हणाले, "चूक कुणाचीही होते. मीही केल्यात. पण मालकाच्या शब्दाशिवाय चालती गाडी खोलणारा माणूस मला इथे नको. शनिवारपर्यंत त्यांच्या सहीची चिठ्ठी आण. नाहीतर हत्यारं ठेव आणि जा." ते खोटं बोलत नाहीत. आणि मला हे काम सोडायचं नाही. ती चौथी वायर बसून गाडी सुरू झाली तेव्हा मला जो आनंद झाला तो शाळेत कधीच झाला नव्हता. म्हणून हा पत्रप्रपंच.

मामींना साष्टांग. पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तुमच्यावर सोपवतो.

तुमचा आज्ञाधारक (एक वेळ सोडून),
भाचा

ता. क. चिठ्ठीचा मजकूर तयार करून सोबत जोडला आहे, फक्त सही करायची आहे: 'माझ्या गाडीकडे लक्ष ठेवण्यास भाच्याला मीच सांगितले होते व त्याने जे केले ते माझ्या संमतीने केले.' यात खोटं काही नाही असं मला वाटतं. लक्ष ठेव असं तुम्ही म्हणाला होतात, आणि बंद झाकणातून लक्ष कसं ठेवणार? संमती मात्र तुम्हाला सही करताना द्यावी लागेल.

ता. क. २. तुमचं मन मानत नसेल तर सही करू नका. मी रागावणार नाही. फक्त आईला मी स्वतः सांगेन, तुम्ही सांगू नका.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात वादळाने झाडू मारताना तुमच्या गाडीखालून एक चेपलेली काडेपेटी काढली. बॅटरीच्या तळाच्या पत्र्यामागे खोचलेली असावी, आम्ही बॅटरी उचलली तेव्हा पडून फुटली आणि तिच्यातला बोल्ट आमच्या ट्रेमध्ये आला. म्हणजे तो आमचा नव्हताच! काडेपेटीत घडी केलेली चिठ्ठी आहे: 'हा कुठला उरला?' खाली तारीख, ताईच्या लग्नाच्या दोन दिवस आधीची. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. त्याच अक्षरात मी चिठ्ठ्या लिहायला शिकलो.

उत्तर आम्हाला मिळालं आहे, मामा. चिठ्ठी ३१ मधलं रिकामं भोक. उस्ताद म्हणतात, तिथला बोल्ट नसला की कार्बोरेटर खालून हवा ओढतो आणि गाडी चढावर दम सोडते, डिकीत बॅगा असोत वा नसोत. बोल्ट आत्ताच बसवला. इंजिन कसं लोण्यासारखं चाललंय! त्यामुळे पाकिटात टणक लागेल असं वर लिहिलंय ते आता लागणार नाही. त्याऐवजी तुमच्या चिठ्ठीची नक्कल घातली आहे. मूळ चिठ्ठी माझ्या डबीत जपून ठेवली आहे.

शनिवारी दुपारी खुशाली विचारायला फोन करीन. मामीच उचलतील. शुक्रवारी तुमची सही आली असेल तर हवापाण्याबद्दल बोलेन.