खिडकी नसलेली केबिन

६ नोव्हेंबर, गुरुवार. भोपाळ

परागचा फोन. त्याचं क्रूझचं जहाज कोचीला लागलंय म्हणून रेंज. आधी नेहमीचं: जेवलीस का, बाबा कसे, थंडी पडली का. मग गप्प. म्हटलं, बोल की, नुसता श्वास ऐकवायला फोन केलास?

तर म्हणाला, आई, तोच येत नाही नीट. त्यांच्या केबिनला खिडकी नाही. दोन बंक, डोक्यावर पाइप. काम लाँड्रीत, तीही पार तळाला. झोपलं की छाती आवळते, उठून वर डेकवर पळतो. दोनदा सुपरवायझरने पकडून झापलं.

डॉक्टरला दाखव म्हटलं तर चिडला. "जहाजाचा डॉक्टर लगेच अनफिट लिहितो. मेडिकल गेलं की सगळं गेलं. कोणाला सांगू नकोस. बाबांना तर नाहीच."

कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत. तेवढे दिवस निघतील म्हणतो. ह्यांनी आतून विचारलं, काय म्हणतोय? मी म्हटलं, मजेत आहे.

९ नोव्हें., रवि.

कोलार रोडला वानखेडे बाईंकडे गेले. निमित्त लोकरीच्या सुयांचं. खरं म्हणजे त्यांचा भाचा सुमेध आलाय. दोन वर्षं अशाच जहाजावर होता, आता सोडून मोबाइलचं दुकान टाकलंय. त्याला म्हटलं, मला सगळं सांग, गोड करून सांगू नकोस.

"काकू, तिकडे तर दिवस-रात्रच पता नाही चालत. सुट्टी नाही, संडे नाही. पॅसेंजरच्या लिफ्टमध्ये आपण चढू नाही शकत. आपला जिना वेगळा, मेस वेगळी. मी तर हफ्ता-हफ्ता सूरज नाही पाह्यला."

आणि तब्येत बिघडली तर?

"छुपवतात सगळे." असं म्हणून हसला. मला ते हसू आवडलं नाही. चहा अर्धा टाकून निघाले. सुया विसरले.

१२ नोव्हें.

डोक्यात एकच. प.ला डोळ्यांनी बघायचं. फोनवर तो काय वाटेल ते सांगेल, तोंड बघितलं की मला कळेल.

त्याचं जहाज हिवाळाभर मुंबईहून सुटतं. म्हणजे आपण तिकीट काढून चढायचं. श्रीमंतांची थेरं म्हणून आजवर नाक मुरडलं, आता स्वतःच चौकशी करतेय. इंद्रपुरीतल्या ट्रॅव्हल्सवाल्या जैनकडे गेले. त्याने बसवून समजावलं. दिवाळी-नाताळची सफर आपल्या बापजन्मी परवडायची नाही. पण मधल्या दिवसांत, शनिवार-रविवार टाळून, केबिनी रिकाम्या राहतात. सुटायला चार-पाच दिवस उरले की भाव पाडतात. "मैडम, ख़ाली कमरा लेके जाने से तो अच्छा है न कि सस्ते में भर दें." नंबर आपण निवडायचा नाही, देतील ती केबिन. आतली, बिनखिडकीची. पोर्टचे पैसे, टिपा वरून. तेवढं सोडलं तर जेवणखाण आत.

फोन आला की संध्याकाळपर्यंत हो-नाही सांगायचं आणि पेटी तयार ठेवायची, एवढंच. म्हटलं, ठेवते.

१४ नोव्हें.

ह्यांना क्रूझचं काढलं. आधी हसले. "या ब्लॉकची एलटीसी आपण रामेश्वरला घालवली. आता खिशातून जायचं? आणि तुला तर बडा तलावातल्या बोटीत मळमळतं."

पुढच्या वर्षी रिटायर होताय, क्वार्टर सोडायचंय, मग कधी जाणार, वगैरे सांगितलं. बत्तीस वर्षं संसार केलेला माणूस. माझ्याकडे बघत राहिले. "सुनंदा, परागला काय झालंय?"

सांगितलं. सगळं. नको म्हणाला होता तरी. आठ दिवस एकटीने पोटात ठेवलं होतं, नाही राहवलं. सांगितल्यावर हायसं वाटलं, हेही खरं.

१५ नोव्हें., शनि.

हे सकाळपासून बागेत वाफ्यांना पाणी घालतायत, घातलेल्यालाच परत.

दुपारी कारखान्यातून, त्यांच्या शॉपमधून, आले ते चेहरा उजळलेला. म्हणाले, अर्ज करायचा. लाइट ड्यूटीचा. रामसेवकची गोष्ट सांगितली, मला पाठ असलेली. पेंटशॉपला होता, छाती धरली. बायको अर्ज घेऊन ह्यांच्याकडे आली, ह्यांनी शिफारस लिहून पर्सोनेलला पाठवला, त्याला टूल स्टोअरला बसवलं. अजून दिवाळीला मिठाई आणतो.

मी म्हटलं, अहो, तो नको म्हणतोय. मेडिकल जाईल म्हणतो.

"तो पोरगा आहे. घाबरलाय. कंपनी माणसाला अशी टाकते का? सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?"

बरखेड्यात, आमच्या कारखान्याच्या वसाहतीत, असंच होतं खरं. आजारी पडा, हॉस्पिटल आपलं. पोर नापास होवो, शाळा आपली. नळ गळो, अर्ज. तीस वर्षांत मी एकही अर्ज वाया गेलेला पाहिला नाही, उशीर झालेला पाहिला. म्हणून जास्त ताणलं नाही.

१६ नोव्हें.

अर्ज झाला. इंग्रजीत, ह्यांच्या त्या पद्धतीने. विषय, संदर्भ, सविनय. माझा मुलगा लाँड्री विभागात, बंद जागेत श्वास कोंडतो, कृपया उजेडाच्या ठिकाणी लाइट ड्यूटी द्यावी, आपला आभारी. मला वाचून दाखवला. मीच म्हटलं, रात्री उठून वर पळतो तेही घाला, नाहीतर त्यांना किरकोळ वाटेल. घातलं.

जहाजाच्या कंपनीला मेल, प्रत कॅप्टनला. योग्य मार्गाने गेलं पाहिजे म्हणाले.

१९ नोव्हें.

उत्तर आलं. सभ्य आहे. आपले पत्र संबंधित विभागाकडे पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे.

"बघ," हे म्हणाले. दोनदा वाचलं. जेवताना आमटी परत घेतली.

प.चा फोन नाही. समुद्रात असेल.

२३ नोव्हें., रवि.

जैनचा फोन. बुधवारी सुटणाऱ्या सफरीत आतली केबिन, भाव निम्म्याच्या खाली. प.चंच जहाज. हो म्हणून टाकलं, ह्यांना न विचारता. मंगळवारच्या गाडीला वेटिंग. उद्या तत्काळ.

पेटी भरली. हे म्हणतात चहाची किटली घे, तिथला चहा कोण जाणे कसा. जैनने सांगितलंय, विजेची वस्तू आणि घरचं खाणं आत जात नाही. तरी डिंकाचे लाडू केले. प.साठी आहेत म्हटल्यावर सोडतील.

प.ला मेसेज टाकला, आम्ही येतोय. एकच टिक.

२६ नोव्हें., बुध. जहाजावर

तत्काळमध्ये एक बर्थ, एक आरएसी. हे बसूनच आले. सकाळी मुंबई. बंदरावर ही रांग, लग्नाला आल्यासारखे नटलेले लोक. आधार कार्ड, फोटो, गळ्यात घालायला एक कार्ड. आत पैसे चालत नाहीत, सगळं त्या कार्डावर. लाडू काढून ठेवले. बाई बोलायला गोड होती, पण काढून ठेवले.

केबिन नवव्या मजल्यावर. स्वच्छ. भिंतीवर पडदा लावलाय, मागे खिडकी असावी असा. सरकवून पाहिला, मागे भिंतच. दिवा घालवला आणि दार लावलं तर स्वतःचा हात दिसेना. थोडा वेळ तशीच बसले. वर, नवव्या मजल्यावर, गादीवर मला हे होतंय, तर तो तळाला.

सगळ्यांना लाइफ जॅकेटची कवायत. गरब्याची गाणी. जेवायला एवढ्या तऱ्हा की ताट घेऊन मी नुसती फिरले. प्रत्येक वाढणाऱ्याचं तोंड बघत होते. कामाची मुलं भिंतीतल्या दारांतून येतात नि त्यातच नाहीशी होतात. त्या दारांपाशी आपण जायचं नाही.

काउंटरवर प.चं नाव सांगितलं. मुलीने काहीतरी टाइप केलं. कर्मचाऱ्यांची माहिती देता येत नाही, सॉरी मॅम. ह्यांनी मेलचं उत्तर मोबाइलवर दाखवलं. पुन्हा सॉरी सर.

२७ नोव्हें., गुरु.

आमच्या पॅसेजच्या केबिनी साफ करणारा मुलगा गोव्याचा, सावियो. चादर बदलताना मी विचारलं, लाँड्रीतला पराग माहीत आहे का. हातातली उशी तशीच राहिली त्याच्या. "आंटी, आप कौन?"

आई म्हटल्यावर त्याने दार लोटलं. दोघं एकाच केबिनमध्ये होते. होते, असंच म्हणाला.

डॉक्टरने बोलावलं होतं मागच्या आठवड्यात. छाती तपासली, प्रश्न विचारले. रात को ऊपर भागते हो? अनफिट लिहिलं. काल सकाळी मुंबईत उतरवलं. सकाळी. आम्ही पुढच्या बाजूला गळ्यात कार्डं अडकवून घेत होतो आणि तो मागच्या जिन्याने बॅग घेऊन उतरत होता.

"किसी ने घर से मेल कर दिया आंटी. वो तो किसी को बोलता ही नहीं था. मेरे को भी क़सम दी थी."

हे बाथरूमच्या दारात टॉवेल घेऊन उभे. ऐकलं सगळं. सावियोने चादरीचे कोपरे दुमडले, गुड डे सर म्हणाला नि गेला.

२८ नोव्हें.

हे केबिनमधून हलले नाहीत. दिवा लावू देत नाहीत. म्हणाले एवढंच, मी चांगल्यासाठी...

राग येतो. ह्यांचा, त्या डॉक्टरचा, माझा. रात्री उठून पळण्याचं वाक्य माझं होतं. तेच विचारलं त्यांनी त्याला. आईला विश्वासाने सांगितलेलं पोराच्या तोंडावर नेऊन मारलं आम्ही.

जहाज मागे वळवता येत नाही. फोनला रेंज नाही, वायफायला कार्डावर पैसे, तेही घेतलं. प.चा फोन बंद. वर डेकवर गेले. समुद्र पहिल्यांदाच एवढा पाहिला. काही वाटलं नाही. एक बाई म्हणाली, माझा फोटो काढता? काढला.

२९ नोव्हें., शनि. मुंबई

उतरल्यावर कंपनीच्या ऑफिसात. घरी जायचं भाडं दिलंय, सही केली, गेला. कुठे ते त्यांना कसं माहीत असणार. बरोबरच आहे. हे खुर्चीवर बसून त्या माणसाला रामसेवकची गोष्ट सांगायला लागले. मी हात धरून उठवलं. लाज वाटली नाही, ह्यांची कीव आली. तीस वर्षं ज्या जगात होते तेवढंच त्यांना ठाऊक.

३ डिसेंबर

भोपाळ. हे ड्यूटीवर जातात, येतात. शेजारच्या शुक्ला भाभी भिंतीवरून: "क्रूज़ कैसा रहा? फ़ोटो तो दिखाओ." म्हटलं, बहुत अच्छा. त्यांना पण जायचंय, सस्त्यात कसं मिळालं ते सांगा म्हणतात. सांगितलं. आठवड्याच्या मधे जा, आतली केबिन घ्या.

फोन बंदच. सावियोला मेसेज केला, त्यालाही माहीत नाही. पोलिसात जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, मोठा मुलगा आहे, काय सांगणार, बापाने नोकरी घालवली म्हणून रुसलाय?

९ डिसें., मंगळ.

प.चा फोन! दुपारी. अनोळखी नंबर, मागे स्टेशनचा गोंगाट. रडूच फुटलं मला.

"रडू नकोस. मुंबईत मित्राकडे होतो." मग म्हणाला, "आई, मेल बाबांनी केला ना? डॉक्टरने वाचून दाखवला. लाइट ड्यूटी. दुसरं कोण लिहिणार?"

हो म्हटलं तर बापाचं तोंड पुन्हा बघणार नाही, असं वाटलं. माझ्यावर रागावला तरी परत येईल, आईच मी. म्हणून म्हटलं, मी लिहायला लावला. त्यांना काही माहीत नव्हतं, मीच पाठी लागले.

तो हळू आवाजात म्हणाला,

"तू सांगितलंस नि बाबांनी लिहिलं, हे मी धरूनच चाललो होतो. त्यांना ते तसंच कळतं. तू कशाला लिहायला लावलंस? आता मी कोणाला सांगायचं, आई?"

फोन बंद. लगेच परत लावला. कोणी वेगळाच माणूस. "वो लड़का? मेरा फ़ोन माँगा था उसने. भोपाल का टिकट था, सुबह से बोल रहा था घर जा रहा हूँ. अभी बैग लेके उतर गया इटारसी में. गाड़ी तो चल दी, आंटी."

घरी येत होता. दोन तासांवर होता.

शॉपमध्ये निरोप पाठवलाय. रिक्षा बाहेर उभी केलीय, हे आले की तसंच स्टेशनवर. इटारसीहून चारी दिशांना गाड्या जातात, तो प्लॅटफॉर्मवर बसला असेल तर बसला असेल. ह्यांना वाटेत सगळं सांगावं लागेल, मी काय बोलले तेही. फाटक वाजलं.