आत कोण बघतं

आई, हे मी सांगते आहे आणि तुझी नातसून लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच, शाळेत तूच घातलं नाहीस. त्यामुळं मी सांगते तेवढंच ही लिहिते की मधे आपलं काही घुसवते, हे कळायला मला मार्ग नाही. मी 'लई' म्हटलं की ही 'खूप' लिहिते, असा दाट संशय आहे. एरवी विजेच्या बिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत घरात कागद आला की मी हिच्याकडून वाचून घेते, आणि ही दळण आणायला गेली की शेजारणीकडून पुन्हा वाचून घेते. आजवर फरक सापडलेला नाही. पण सापडला नाही म्हणजे नव्हताच असं थोडंच आहे?

आम्ही आता सावेडीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. यंदा गौरींच्या आधी खालच्या-वरच्या बायांनी ठरवलं, आरास विकत आणायची नाही, टाकाऊपासून टिकाऊ करायचं. तुला हा शब्द ठाऊक नसणार. जे टाकून द्यायचं ते टाकायचं नाही, कापायचं, चिकटवायचं आणि भिंतीला लावायचं. तू जन्मभर तेच केलंस, पण तेव्हा त्याला नाव नव्हतं. मी सुनेला विचारलं, टाकाऊ काय हे ठरवतं कोण? ती म्हणाली, "वर्षभर ज्याला कुणी हात लावला नाही ते, आत्या." त्या दिवसापासून मी सावध झाले. मला तरी कुठं कोण हात लावतंय.

मग वस्तू जायला लागल्या. माझी चष्म्याची जुनी डबी गेली, ती चार दिवसांनी बाळगणपतीचा पाळणा होऊन कपाटावर दिसली. जुन्या लग्नपत्रिकांचे कंदील झाले. नंतर हिनं सहज विचारावं तसं विचारलं, ट्रंकेत जुनं काही आहे का. म्हटलं, "हाय की, मीच हाय. मला लाव भित्तीला." ती हसली. मी नाही हसले. ट्रंकेची किल्ली मी कनवटीला ठेवते, पण आंघोळीला जाताना ती मोरीबाहेर राहते.

त्या ट्रंकेत तुझं लुगडं आहे, हिरवं इरकली, लाल पदराचं. तू गेलीस तेव्हा वहिनीनं माझ्या हातात दिलं ते मी तसंच ठेवलं, घडी कधी मोडली नाही. मोडली तर तुझा वास जाईल असं वाटायचं.

गौरी यायच्या दिवशी मी देवळातून आले, तर दाराला नवं तोरण. लाल, त्यात पांढरे पट्टे. मी चप्पल पायातच ठेवून उभी राहिले. चष्मा पुसून पाहिलं, हात लावून पाहिलं. तुझा पदर मी ओळखणार नाही? आत गेले, ट्रंक उघडली आणि लुगड्याची घडी आयुष्यात पहिल्यांदा मोडली. हिरवं लांबच्या लांब निघालं आणि शेवटाला पदर नव्हताच.

मी सुनेला म्हटलं, "माझ्या आईला कात्री लावलीस तू."

तेवढंच म्हटलं. पुढचं जे म्हणणार होते ते म्हटलं असतं तर मुलाला दोन चुली मांडाव्या लागल्या असत्या. तिच्या हातात गौरीचा मुखवटा होता, तो तिनं जपून खाली ठेवला. लुगड्याचं कापलेलं टोक माझ्या अंगठ्याखाली दिलं आणि म्हणाली, "हा टाका बघा, आत्या. हा माझा आहे का?"

टोकाला दुमड होती. लांब-लांब, जरा तिरके टाके, आणि दोरा पोत्याचा. धान्याच्या पोत्याचं तोंड उसवून निघालेला तो दोरा तू काडीला गुंडाळून ठेवायचीस. गोधड्या त्यानं, पिशव्या त्यानं, माझे परकरही त्यानंच.

मग तिनं सांगितलं. माळ्यावर माझ्या रुखवतातलं जुनं तोरण होतं, उंदरांनी खाल्लेलं. मागच्या दिवाळीला मीच 'टाकून दे' म्हटलं होतं. ते तिनं उसवलं, तर आत हा पदर निघाला. तिनं आतलं फक्त बाहेर केलं.

आई, ते तोरण तू केलंस तेव्हा मी चुलीपाशी बसलेली. कासाराकडून पिचक्या बांगड्यांचे तुकडे आणलेस. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं, म्हणून मी तुला चिडवते, एवढ्या वाढल्या बांगड्या तर दुकान टाक. तू एकेक तुकडा दिव्यावर धरतेस, काच मऊ झाली की वाकवून कडी करतेस, कडीत कडी अडकवतेस. मधे ज्वारीच्या ताटातल्या पांढऱ्या भेंडाचे राघू. तोरण हातात घेतलं तर जड लागलं. मी विचारलं, आत काय भरलंय? म्हणालीस, "चिंध्या. आत कोन बघतं?" सोनईला माझ्या लग्नाच्या मांडवात सासूनं ते दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, आणि परत टांगलं. चिंध्या असत्या तर तिथंच सगळी काच खाली आली असती.

आणि नंतर तू माझ्या घरी यायचीस ती पदर कमरेला घट्ट खोचून. पाहुणीसारखी बस की, पदर सोड की जरा, असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, "कामाच्या बाईला पदर सोडून जमत न्हाई." सासरच्या बाया म्हणायच्या, भांडायला आल्यागत येती. मलाही ते खरं वाटायचं. सगळ्यांवर संशय घेणारी मी, पण तुझ्यावर कधी घेतला नाही. तिथंच फसले.

गौरी जेवल्या, तोरण दारालाच राहिलं. आज सुनेला बसवलं आणि म्हटलं, लिही. तिच्यावर मी काय आळ घेतला तो तिच्याच हातानं लिहवून घेतला, आता त्यात तिनं भर घातली असेल तर हक्क आहे तिचा.

ती म्हणते, तोरण लोळतंय, आत जाड कागद हवा. म्हटलं, हाच घाल. तुला पत्ता नाही, पोस्टात टाकून करायचं काय? ती म्हणाली, आधी वाचून दाखवते. म्हटलं, नको. तिनं मान वर करून पाहिलं माझ्याकडं. पण घडी करून लगेच टाके घाल म्हटलंय, पोत्याच्या दोऱ्यानं. कारण दुपारी शेजारीण येती, आणि ती आली की मला राहवायचं नाही.