फळीवर दोन्ही हात

रविवार, सेलू. दिवेलागणीनंतर.

आज वॉटर पार्कात सर्फिंगचा दुसरा क्लास झाला. फळीवर पालथं झोपायचं, मशीनची लाट आली की दोन्ही हात टेकवून उठायचं, एवढंच शिकायचंय. पण लाट आली की माझा एक हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीकडे जातो. आम्हा लिंगायतांनी लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे बाबांनी लहानपणीच शिकवलंय. त्यामुळे लॉकरमध्ये ठेवायचा प्रश्नच नव्हता. मग काय, दरवेळी एका हातावर उठायला जायचं आणि तोंडावर आपटायचं.

सर ओरडले, "ताई, दोन्ही हात!"

वहिनी कठड्याला टेकून हसायली होती. "आगं, मीच घट्ट बांधलंय की. देव कुठं पळून जायलाय? तूच पडायलीस लय!"

शेवटच्या लाटेला दोन्ही हात टेकले. उठले. पार काठापर्यंत उभी राहिले! आणि तेवढा वेळ डबी गळ्यात आहे हे साफ विसरले. विसरले कशी? वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

संध्याकाळी बाबांशेजारी पूजेला बसले. लिंग तळहातावर घेतलं, नजर लावली, तरी पायाखाली फळी हलतच होती. बाबांना विचारावं, लिंगाचं भान सुटत असेल तरी क्लासला गेलेलं चालतं का? "जा की" म्हणाले तर बरंच. पण "नको" म्हणाले तर मी ऐकेन का, हेच आता सांगता येईना. म्हणून विचारलंच नाही.