कुटुंब म्हणजे

ता. १४, मंगळवार

प्रिय धाकटीस, थोरल्या जावेचा आशीर्वाद.

तू माहेराहून धाडलेली दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. ह्यांचे गुडघे तसेच. आमच्या बाळाला एकोणिसावं लागलं. कागद वाया जाऊ नये म्हणून बारीक लिहितेय, उजेडात वाच.

इतक्या वर्षांची लढाई थांबली, नवं सरकार बसलं. कचेरीला रंग दिला, दारात कुंड्या मांडल्या. पण लोकांचा विश्वास म्हणून नाही. दूधवाला म्हणतो, "ताई, पाटी नवी, खिळे जुनेच. मला बोलावलं तर मी म्हशीला पाठवीन." मी हसले नाही.

भाऊजी कुठे आहेत, बायकोला दोन ओळी का लिहीत नाहीत, असं तू विचारतेस. सांगते.

मागल्या महिन्यात कागद आला. "स्नेहभेटीसाठी घरटी एक पुरुष उपस्थीत राहावा." मॅट्रिकला शुद्धलेखनात मला पैकीच्या पैकी होते, ती थीची दीर्घ वेलांटी डोळ्यांत खुपली. चार वर्षांपूर्वी मामंजींना चौकशीला नेलं, तेव्हाचा कागद पोथीत जपून ठेवलाय. काढून पाहिला. तीच वेलांटी, तेच अक्षर. सरकार गेलं, कारकून राहिला. आणि मामंजी तर परत आलेच नाहीत.

कागद पुन्हा पोथीत ठेवला. कोणाला बोलले नाही. ह्यांना चालवत नाही. उरले दोघं, बाळ आणि भाऊजी.

भाऊजी तयार नव्हते. "वहिनी, लांडग्याने दाढी केली म्हणून काय त्याच्या मांडीवर जाऊन बसू?" मी देवावर हात ठेवून सांगितलं, "अहो, माणसं सगळी नवी आहेत. निर्धास्त जा." तेव्हा हसले. "तुम्ही शपथ घेताय म्हणजे संपलंच. चहा झाकून ठेवा, आलोच."

सव्वीस दिवस झाले. मी विचारायला गेले नाही. गेलं की, घरात आणखी कोण आहे, असं विचारतात. भाऊजींचे सदरे उसवून बाळाच्या मापाचे केले. कापड चांगलं होतं.

काल कचेरीचा माणूस दुसरा कागद घेऊन दारात आला. "हजर इसमाचे कुटुंब पाठवावे." त्यालाच कळेना. म्हणाला, "बाई, कुटुंब म्हणजे कोण कोण? सगळे?" बाळ आत जेवत होता.

मी म्हटलं, "कुटुंब म्हणजे बायको. जुनी माणसं तसंच म्हणतात."

"मग ती कुठाय?"

तुझ्या माहेरचा पत्ता त्याला मीच लिहून दिला.

हे पत्र त्यांच्याआधी पोचलं, तर आहेस तशी नीघ. कुठे जातेस ते मला कळवू नकोस. विचारलं तर मी सांगेन.

तुझी,
थोरली जाऊ