कितीपैकी

१ ऑगस्ट, सकाळी

डायरी यांची. हे कारखान्याच्या स्टोअरमध्ये मालाची मोजदाद करायचे, तिथून मिळालेली, गेल्या वर्षीची. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. यांनी जानेवारीची चार पानं भरली आणि पुढे कंटाळा केला. ती चार पानं मी चिकटवून टाकली आहेत. वाचली नाहीत. म्हणजे एकदाच.

आज कपाटाचा दिवस. हे डिसेंबरात गेले, आणि जानेवारीत यांचे कपडे मोजले तर चाळीस नग भरले. तेव्हाच ठरवलं, दर महिन्याच्या एक तारखेला दहा टक्के काढायचे आणि दवाखान्याच्या दारातल्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकायचे. दहा महिने, दहा-दहा टक्के, झाले शंभर. ऑक्टोबरात कपाट रिकामं. रडारड नाही, सगळं पद्धतशीर.

आज एकवीस होते. दहा टक्के म्हणजे दोन पूर्णांक एक. शर्ट फाडता येत नाही, म्हणून खालचा आकडा धरते. दोन गेले. एकोणीस.

अजून दोन महिने आहेत. शेवटी शेवटी वेग वाढत असावा.

मुलीचा फोन. एक नोव्हेंबरला टेम्पो घेऊन येते, कपाट नातवाच्या खोलीत हवंय. म्हणाली, आई, एक दुपार पुरते गं त्याला. मी म्हटलं, तुझं गणित पहिल्यापासून कच्चं.

५ ऑगस्ट, रात्रीचं जेवण व्हायच्या आधी

वर्गाचा पहिला दिवस. लायब्ररीची मागची खोली, मंगळवार, सहा ते सात. पाटी मीच लिहिली: कामात आणि घरखर्चात टक्केवारी, मोठ्या माणसांसाठी, मोफत. हे गेल्यावर बँकेतल्या मुलीने मला व्याज दोनदा समजावलं आणि तिसऱ्यांदा नुसता श्वास सोडला. त्यानंतर मी पुस्तक आणून स्वतः शिकले. दहा धडे आहेत. माझे सहा झालेत. पुढचे चार वर्गाच्या पुढे एक-एक धडा राहून होतील.

पटावर दहा, हजर आठ. ऐंशी टक्के. एक शिंपी, एक रंगारी, एक टॅक्सीवाला, पार्लरवाल्या दोघी बहिणी, एक नवराबायको आणि दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या एक बाई. त्यांच्या अंगाला फिनाईलचा वास येतो. डायरीत त्यांना फिनाईलताई म्हणेन. डायरी कोण वाचतंय.

पहिला नियम फळ्यावर लिहून दिला. टक्के म्हटले की आधी विचारायचं, कितीपैकी? पुस्तकातला नियम आहे असं सांगितलं. खरं म्हणजे यांचा आहे. दूध थोडंच उरलंय म्हटलं की हे पेपरमागून विचारायचे, कितीपैकी थोडं?

ग्रंथपाल म्हणाले, खोली बुद्धिबळवाल्यांनाही हवी आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर पट बघतो. साठ टक्के हजेरी असेल तर वर्ग चालू, नाहीतर खोली त्यांची. मी म्हटलं, अवश्य बघा.

घरी आल्यावर घसा दुखत होता. बोलून दुखला. बऱ्याच दिवसांनी.

१२ ऑगस्ट

हजर सहा. साठ टक्के. काठावर पास, पण पास.

घरखर्चाचा धडा. नवराबायकोला फळ्यापाशी बोलावलं. भाडं चाळीस टक्के, जेवणखाण तीस, मुलांची शाळा वीस, जाणं-येणं पंधरा, शिल्लक दहा. बेरीज एकशे पंधरा. मी म्हटलं, शंभराच्या वर जाता येत नाही. नवरा म्हणाला, आम्ही तर दर महिन्याला जातो. बायको म्हणाली, वरचे पंधरा याचे आहेत, मित्रांच्या उसनवारीचे. तो म्हणाला, आणि तुझ्या माहेरच्या फोनबिलाचे कुणाचे? पुढची वीस मिनिटं मी खडू हातात धरून उभी होते.

वर्ग जिवंत झाला म्हणायचा.

१९ ऑगस्ट

नवराबायको आले नाहीत. पार्लरवाल्याही नाहीत. हजर चार. चाळीस टक्के.

घरी येऊन विचार केला. दोघं तर पहिल्या दिवसापासून कधी आलेच नाहीत. न येणाऱ्यांना पटावर ठेवणं हा त्यांचा अपमान आहे. ती दोन नावं खोडली. नवराबायकोंना सध्या एकांत हवा असणार. तीही खोडली. आता सहापैकी चार. सहासष्ट टक्के. एका रात्रीत सव्वीस टक्क्यांची वाढ, आणि तीही पेन्सिलीने.

१ सप्टेंबर

एकोणीसचे दहा टक्के एक पूर्णांक नऊ. एक. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट गेला. तो मला कधीच आवडला नव्हता. पेटीत टाकून परत काढला, खिसे तपासायला. खिशात काही नव्हतं. पुन्हा टाकला. अठरा.

वेग अजून वाढला नाही.

९ सप्टेंबर, घाईत

शिंपीदादा वर्ग सुरू व्हायच्या आधीच दारात उभे. बसले नाहीत. गेल्या महिन्यात त्यांनी विचारलं होतं, शिलाई वीस टक्क्यांनी वाढवतो आणि जुन्या गिऱ्हाइकांना वीस टक्के सूट देतो, म्हणजे त्यांना जुनाच भाव पडेल ना? मी म्हटलं होतं, पडणारच, वीस वर, वीस खाली.

आज म्हणाले, बाई, शंभराचे एकशेवीस झाले. सूट दिली ती एकशेवीसवर. हातात शहाण्णव. महिनाभर शंभरामागे चार घालवतोय. मग स्वतःच म्हणाले, तुमची चूक नाही, तुम्ही सांगितलं होतं कितीपैकी ते विचारायचं. मीच विचारलं नाही.

मलाही तसंच वाटतं.

जाताना म्हणाले, ब्लाउज-फॉल काही असलं तर आणा, तुमच्याकडून पैसे घेणार नाही. मी म्हटलं, घ्या, फक्त सूट देऊ नका. हसले. चांगला माणूस आहे. पुन्हा येईल.

१६ सप्टेंबर

आले नाहीत. रंगारीही नाहीत, मोठं काम मिळालंय म्हणे. दोघंच हजर, टॅक्सीवाला आणि फिनाईलताई. पट नीटनेटका केला. पार्लरवाल्या खोडल्या, रंगारी खोडला. शिंपीदादांच्या नावाशी थोडा वेळ थांबले, मग खोडलं. दोनपैकी दोन. शंभर टक्के. या लायब्ररीत कुठल्याच वर्गाची हजेरी शंभर टक्के नसेल.

फिनाईलताई शिकायला हुशार. त्यांच्या फिनाईलच्या डब्यावर एक टक्का लिहिलेलं असतं. दहा लिटर पाण्याची बादली. मी अर्धा तास फळ्यावर मांडलं, दहा हजार मिलिलिटरपैकी शंभर. त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे दोन टोपणं. मी बारा वर्षं दोनच टोपणं घालतेय. पुस्तकातूनही तेवढीच निघाली म्हणजे बरं झालं, नाहीतर बारा वर्षांच्या फरश्या परत पुसायला लागल्या असत्या.

मी म्हटलं, आता का ते कळलं ना. म्हणाल्या, कळलं बाई, तुमच्यासाठी कळलं.

१ ऑक्टोबर

अठराचे दहा टक्के एक पूर्णांक आठ. एक. सतरा.

दहावा महिना. आज शंभर टक्के पूर्ण झाले.

कपाट उघडून पुन्हा मोजले. सतराच. यांच्या भाषेत, मोजणाऱ्याची चूक, मालाची नव्हे. उद्या मोजते.

७ ऑक्टोबर

टॅक्सीवाल्याने कमिशनचा हिशोब शिकून घरी जाऊन आठवड्याची कमाई मांडली. म्हणाला, बाई, मंगळवारी सहा ते सातमध्ये मला भाडं तीस टक्के जास्त मिळतं, हे तुमच्यामुळेच कळलं. तेवढंच सांगायला गाडी खाली उभी करून वर आला होता. आभार मानून पळाला.

माझं शिकवणं पोचतं याचा पुरावा. खोडलं. एकपैकी एक. शंभर टक्के टिकवून आहे.

उरलेला तास फिनाईलताई आणि मी. त्यांनी चपला काढून पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले. विचारलं, बाई, घरी कोण असतं? मी म्हटलं, आज आपला धडा सातवा. त्या म्हणाल्या, बरं, सातवा.

मग उदाहरण हवं म्हणून मी कपाट फळ्यावर घेतलं. कुणाचं ते सांगितलं नाही. चाळीस नग, दर महिन्याला दहा टक्के, किती महिन्यांत रिकामं? त्यांनी बोटांवर मोजलं. चार गेले, छत्तीस. मग छत्तीसचे. मग उरतील त्याचे. थांबल्या. म्हणाल्या, हे कपाट रिकामं व्हायचंच नाही. दरवेळी उरलेल्यातलं काढतंय हे माणूस, म्हणजे हात आखडत आखडत. नऊवर आलं की एकही निघणार नाही.

मी म्हटलं, बरोबर, हेच शिकवायचं होतं.

फळा पुसायला त्या उठल्या. म्हणाल्या, बाई, शर्ट आहेत ना? मी म्हटलं, शर्ट, पँटी आणि एक तपकिरी स्वेटर. त्यांनी कितीपैकी ते विचारलं नाही. फळा कोपऱ्यापर्यंत पुसला, ओल्या फडक्याने, कामावर पुसतात तसा.

१४ ऑक्टोबर

ग्रंथपालांनी पट पाहिला. मी शंभरावर बोट ठेवलं. त्यांनी खोडलेल्या नऊ नावांवर. म्हणाले, काकू, एका माणसाला वर्ग म्हणत नाहीत. मी म्हटलं, नियम टक्क्यांचा होता. ते म्हणाले, कितीपैकी?

माझाच नियम, माझ्याच फळ्यावरून वाचून.

दोन मंगळवार देतो म्हणाले, सामान आवरायला. सामान म्हणजे अर्धा खडू.

२८ ऑक्टोबर

शेवटचा तास. फिनाईलताईंना म्हटलं, वर्ग घरी घेईन, याल? त्या खरं बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, बाई, माझी बस सव्वासातची. ड्यूटी पाचला सुटते, मधे दोन तास कुठे बसायचं म्हणून वर आले पहिल्यांदा. इथे पंखा आहे, खुर्च्या आहेत. मग तुम्ही बऱ्या वाटलात म्हणून येत राहिले. तुमचं घर उलट्या बाजूला, बस चुकेल.

मी म्हटलं, बरोबर आहे, बस महत्त्वाची.

दारातून परत वळून म्हणाल्या, ते नऊ राहिले तरी चालतात हो. माझ्याकडे तीन आहेत. अकरा वर्षं झाली.

१ नोव्हेंबर, दुपारी

मुलगी टेम्पो घेऊन आली. कपाट उघडलं. तिने मोजले नाहीत. सतरा नग काढून पलंगाच्या यांच्या बाजूला ठेवले. तात्पुरते. कपाट गेलं. भिंतीवर त्याच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला आहे.

जाताना म्हणाली, आई, चल ना आमच्याकडे, आठ दिवस. मी म्हटलं, मंगळवारी वर्ग असतो.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा

केस विंचरून, पर्स घेऊन दारापर्यंत गेले. मग आठवलं. पर्समध्ये अर्धा खडू.

थंडी आहे. तपकिरी स्वेटर घातला. अंगावरचा नग धरायचा की वजा करायचा, हे सातव्या धड्यापर्यंत तरी आलेलं नाही.

पुढचं पान कोरं होतं, त्यावर घराचा पट केला. नावं दोन. हजर एक. पन्नास टक्के. एक नाव खोडलं की शंभर होतात, ते मला येतं, तीन महिने तेच केलं.

पन्नास राहू दे.