पाचव्या अल्बमच्या स्थानाबाबत

मी, खाली सही करणारा, नाट्यगृहांची ध्वनिव्यवस्था आखणारा निवृत्त वास्तुविशारद, हे मृत्युपत्र स्वेच्छेने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. मात्र गेल्या रविवारपासून ती सुन्न आहे. कारण कलम तीनमध्ये येईल.

कलम १. राहते घर आणि बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती जनावरांची डॉक्टर आहे. घरात कुत्री आणू नयेत, अशी अट घालणार होतो. ती पाळणार नाही, आणि न पाळली जाणारी अट लिहिणे मला शोभत नाही.

कलम २. मोजमापाची उपकरणे मेहुणा सोडून कोणाही जाणकाराला द्यावीत. मेहुण्याने माझ्या ध्वनिमापकाने भिंतीत खिळा ठोकला होता.

कलम ३. माझ्या आवडत्या ब्लूज रॉक बँडच्या सातही अल्बमच्या रेकॉर्ड्स. आधीच्या मसुद्यानुसार मुलीने त्यांची योग्य क्रमवारी लावली, तरच त्या तिला मिळायच्या होत्या. तिसरा सर्वश्रेष्ठ, कारण त्यात गिटार ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळते आणि एकही सूर दिखाव्यासाठी येत नाही. मग पहिला, दुसरा, सहावा, चौथा, सातवा. तळाला पाचवा; त्यात भाडोत्री ट्रम्पेटवाले आहेत आणि ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. यावर दुमत संभवत नाही, असे मी समजत होतो.

रविवारी जेवणानंतर मी तिला केवळ उपचार म्हणून विचारले.

"पाचवा पहिला," ती म्हणाली. "तिसरा शेवटी."

मेहुण्याला ठसका लागला. "घ्या भाऊजी! घरातच फितुरी."

मी कारण विचारले.

"तिसरा लागला की तुमच्या खोलीचं दार बंद व्हायचं, बाबा. मी बाहेरून हाका मारायचे. पाचवा लागला की दार सताड उघडं. मी तुमच्या पायाशी बसून गृहपाठ करायचे, तुम्ही मध्येच गणितं सांगायचात."

"दोष ऐकायला शांतता लागत नाही, म्हणून दार उघडे असे. हा निकष नव्हे."

"बरं. पण इतका वाईट होता, तर सारखा का लावायचात?"

मी मेहुण्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"राहू दे. मला नकोत त्या रेकॉर्ड्स. मामाला द्या."

"मला कशाला? मला सातही सारखेच वाटतात," मेहुणा म्हणाला.

ते दार मी स्वतः आखले होते. आतला आवाज बाहेर जाऊ नये, बाहेरचा आत येऊ नये. माझ्या सर्व कामांत तेवढे एक निर्दोष होते. ती हाका मारत असे, हे मला रविवारपर्यंत ठाऊक नव्हते. इतके निर्दोष.



सबब, क्रमवारीची अट रद्द. सातही रेकॉर्ड्स मुलीलाच मिळतील. तिचा नकार मला अमान्य आहे. क्रमवारीत मात्र बदल नाही. पाचवा तळालाच राहील.

कलम ४. सदर दार वारसांकडे जाणार नाही. आज सकाळी सुताराने ते बिजागऱ्यांसह काढून नेले.

हे मृत्युपत्र वाचून, समजून, शुद्धलेखन दोनदा तपासून सही केली.

साक्षीदार:
१. मेहुणा (सही, नेहमीप्रमाणे रेघेबाहेर)
२. समोरच्या औषधदुकानाच्या मालकीणबाई (सही)

दिनांक: १४ नोव्हेंबर
स्थळ: माझी ऐकण्याची खोली. पाचवा अल्बम चालू. मुलगी स्वयंपाकघरात आहे. इथून ऐकू येते.